शब्दचर्चा: ‘पाळक’ म्हणजे नेमकं काय करणारा?

प्रश्न: आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आपण पाद्रींना ‘पाळकसाहेब’ म्हणतो, बायबलच्या स्तोत्र 23 मध्ये ‘मेंढपाळ’ वाचतो. दोन्हींत पाळणं आलंच. पण ‘पाळणं’ म्हणजे सांभाळणं, की ताब्यात ठेवणं?

उत्तर: दादा, योहान 21 काढा. येशू आपल्या शिष्याला, पेत्राला, तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? आणि तीनदा काम सोपवतो: कोकरं चार, मेंढरं पाळ, मेंढरं चार. मूळ ग्रीकमध्येही इथे दोन वेगळी क्रियापदं आहेत, ‘बोस्को’ म्हणजे चारणं आणि ‘पोइमाइनो’ म्हणजे राखणं, सांभाळणं. मराठी बायबलने तो फरक जपला, हे फार बरं झालं. तीनपैकी दोनदा चारणंच आहे! स्तोत्र 23 मधला ‘रोए’ हा हिब्रू शब्दही चारणाऱ्याचाच. ताब्यात ठेवणं म्हणाल, तर तोच पेत्र पुढे मंडळीच्या वडिलांना, म्हणजे पुढाऱ्यांना, लिहितो की कळपावर धनीपण करू नका.

आणखी एक: उत्पत्ती 33 मध्ये एसाव आपल्या भावाला, याकोबाला ‘चल, बरोबर जाऊ’ म्हणतो. याकोब नको म्हणतो. लेकरं कोवळी, मेंढ्या दूध पाजणाऱ्या. एक दिवस जरी दामटल्या तरी कळप मरेल. मी त्यांच्या चालीने सावकाश येतो. माझ्या मते पाळकीय सेवेबद्दल यापेक्षा नेमकं कुठेच लिहिलेलं नाही. माणदेशातला धनगर आजही हेच करतो. वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, मेंढरं घेताना एखादं लंगडलं, की तो त्याला धरून आडवं पाडतो, खुराची फट उघडून काटा काढतो. नवी व्यालेली असेल तर तिचं कोकरू डालग्यात घालून पुढच्या मुक्कामाला नेतो. पाळकाने आजाऱ्याच्या घरी जाऊन ‘औषध मिळालं का, जेवलात का’ हे आधी विचारावं आणि प्रार्थना मग करावी, असं मला मनापासून वाटतं.

पुन्हा प्रश्न: पण ताई, ‘मेंढरासारखं मागे जाणं’ ही तर शिवी आहे. मंडळीला मेंढरं म्हणावं का?

उत्तर: योहान 10 मधली मेंढरं परक्याच्या मागे जात नाहीत, पळून जातात, त्याचा आवाज त्यांच्या ओळखीचा नसतो. आपला मेंढपाळ मात्र एकेकीला नावाने हाक मारतो, म्हणून त्या त्याच्यामागे निघतात. म्हणून शब्द जरूर वापरा, पण आधी मंडळीतल्या प्रत्येकाचं नाव पाठ असू द्या.