तीच आजी, तीच भांग, पण 'प्रसाद'?

माळावरची: गांजाचं नाव काढलं तरी आमची आजी कानांवर हात ठेवते. वाया गेलेल्या पोराला ती 'तुळशीत भांग' म्हणणारी बाई. महाशिवरात्रीला मावशीकडे उज्जैनला गेलो, तर हिनेच थंडाईचा पेला कपाळाला लावून रिकामा केला! महाकालाचा भांगेने शृंगार होतो, मग आपल्याला काय बाधतंय, असं मावशीचं म्हणणं. मावसभावाने, जो एरवी सिगरेटलाही शिवत नाही, एक पेला घेतला. पाऊण तास काहीच होईना म्हणून आणखी दोन. रात्री "माझं हृदय थांबलंय" म्हणत पहाटेपर्यंत माझं मनगट सोडेना. घरचे हसत होते. प्रसाद म्हटलं की मोजमाप सुटतं का?

जुना_कारकून: आजीचा भेद कायद्यातही आहे हो. अमली पदार्थांच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा, चरस म्हणजे राळ. शेंडे नसलेली नुसती पानं त्या व्याख्येबाहेर. त्यामुळे पानांची भांग राज्यांच्या हाती राहिली. १८९३-९४ च्या ब्रिटिश आयोगानेही सरसकट बंदी नको म्हटलं होतं, त्यात धर्माचा मुद्दा होताच. महाराष्ट्रात मात्र उज्जैनचा हिशोब लावू नका, इथे १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागतो.

सदू_गोळीवाला: आजोबा घोटायचे. पानं धुऊन, पाट्यावर बडीशेप, मिरी, खसखस. नवख्याला हरभऱ्याएवढी गोळी, मुरलेल्याला बोराएवढी. दुसरी मागितली की म्हणायचे, "आधी जेव, मग बघू." जेवून होईस्तोवर पहिली चढलेली असायची.

रात्रपाळी: आजोबांना वेळ बरोबर कळली होती. पोटातून गेलेली भांग चढायला अर्धा ते दोन तास घेते. यकृतात टीएचसीचं, म्हणजे भांगेतल्या नशा आणणाऱ्या द्रव्याचं, ११-हायड्रॉक्सी-टीएचसी होतं, ते जास्त जोरकस, आणि अंमल सहा-आठ तास टिकतो. त्यात धडधड वाढते, भीती वाटते. हसू नका अशा माणसाला, जवळ बसा. छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपली तर सरळ दवाखाना.

माळावरची: मावशीला हरभऱ्याचं सांगितलं. गप्पच झाली. मग म्हणाली, सासरे असेपर्यंत तेच वाटायचे, पोरांना नुसतं बोट चाटवायचे. आता गोळ्या दुकानातून येतात आणि पेले कोण भरतं ते कुणीच बघत नाही. आजीचा पेला मावशीने स्वतः भरला होता म्हणे. त्यात भांग नव्हतीच, नुसती थंडाई.