बर्फाची नक्षी सोडून आपल्याकडच्या ऋतूंचं काय विणता येईल?

रंकाळ्याकाठची (ऑक्टोबर, पहिला आठवडा)

नमस्कार. मी कोल्हापुरात रंकाळ्याच्या बाजूला राहते. सात वर्षं झाली, घरातूनच विणकाम विकते. लहान मुलांचे स्वेटर, कानटोप्या, बाळंतविडा, थोडं क्रोशाचं काम. गिऱ्हाईक बरं आहे, पण एक गोष्ट गेल्या वर्षापासून मनातून जात नाही.

गेल्या डिसेंबरात एका प्रदर्शनात गाळा घेतला होता. मोबाइलवर बघून अकरा टोप्या विणून नेल्या. निळ्यावर पांढऱ्या बर्फाच्या चांदण्या, दोन टोप्यांवर शिंगांचं हरीण. काम स्वच्छ होतं, मागून धागेसुद्धा नीट घेतले होते. एक आज्जी आल्या, टोपी हातात घेऊन बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "वीण चांगली हाय गं. पर हे कुठलं?" मला उत्तर देता आलं नाही. मी बर्फ कधी बघितलेला नाही, त्यांनीही नाही, आणि ज्या बाळाला ती टोपी घालायची तेही बघणार नाही. त्या दिवशी तीनच टोप्या गेल्या.

तेव्हापासून शोधतेय. "हिवाळ्यासाठी कल्पना" म्हणून बघावं तर तेच बर्फ, तेच सूचिपर्णी झाड, आणि त्याआधीच्या महिन्यांत लाल भोपळे आणि झडणारी पानं. आपल्याकडे खरी थंडी दिवाळीनंतर सुरू होते आणि फेब्रुवारीत संपते. बाकीचे आठ-नऊ महिने विणणाऱ्या बाईनं कशाकडे बघायचं? तुम्ही रंग, नक्षी कुठून घेता? संक्रांतीला हातात चार-पाच नवीन वस्तू असाव्यात असं वाटतं. जाणत्यांनी सांगावं.

---

सुताचा_धंदा

ताई, मी इचलकरंजीचा. विणकाम येत नाही, पण सूत कळतं. आठ महिने रिकामे जातात कारण तुम्ही लोकरीतच अडकलाय. फेब्रुवारीनंतर कॉटनवर या.

दुकानातल्या छोट्या गुंड्या महाग पडतात, कोन (शंकूवर गुंडाळलेलं सूत) घ्या. कोनावर २/२० लिहिलेलं असतं, म्हणजे २० नंबरचे दोन पदर पिळलेले. नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. २/२० चे चार पदर एकत्र धरले की तुमच्या फोर प्लायच्या (चार पदरी लोकरीच्या) जवळपास जाडी येते. वेगवेगळ्या रंगांचे पदर एकत्र धरलेत तर मधला रंग आपोआप तयार होतो. दोन पदर हिरवे आणि दोन पिवळे घेऊन बघा, पोपटी दिसतो, आणि तो बाजारात मिळणाऱ्या सपाट पोपटीपेक्षा जिवंत असतो.

एकच सांभाळा, कॉटन लोकरीसारखं ताणून परत जागेवर येत नाही. आमच्या वहिनी खालच्या पट्टीला एक नंबर बारीक सुई वापरतात, नाहीतर पट्टी सैल पडून लोंबते.

---

विणकामाच्या_बाई

पोरी, तुझा प्रश्न दोनदा वाचला. मी एकाहत्तर वर्षांची आहे, चौतीस वर्षं मुलींना शिवण आणि विणकाम शिकवलं. त्या आज्जींनी विचारलं ते बरोबरच विचारलं. जरा सविस्तर लिहिते.

मोबाइल बंद कर. जुन्या वहीचा पुठ्ठा घे, दोन बोटं रुंद आणि वीतभर लांब पट्टी काप. दोन्ही कडांना कात्रीनं बारीक खाचा पाड. घरातली उरलेली सगळी लोकर आणि सूत एका पिशवीत घाल. मग रोजच्या पाहण्यातली एक जागा ठरव आणि महिन्यातून एकदा त्याच जागी, त्याच वेळी जाऊन बस. मी पंचगंगेच्या घाटावर जाते, सकाळी साडेसहाला. जे दिसेल ते जितकं दिसेल तितकंच पुठ्ठ्यावर गुंडाळायचं. आभाळ निम्मं असेल तर निम्म्या खाचा आभाळाच्या. पलीकडचा ऊस चार बोटं असेल तर तेवढाच. आणि एखादी बाई लाल लुगडं धूत असेल तर लालाचा एकच फेरा, जास्त नाही. हे प्रमाण फार महत्त्वाचं. मुली रंग बरोबर निवडतात आणि प्रमाणात चुकतात. सगळे पट्टे सारख्या रुंदीचे घालतात, मग स्वेटर सतरंजीसारखा दिसतो.

माझ्याकडे अशा पुठ्ठ्यांचा डबा आहे. आषाढाची पट्टी जवळजवळ सगळी राखी आणि मातकट, कारण पुराचं पाणी आणि आभाळ एकच होतं. त्यात देवळाच्या दगडाचा काळा आणि शेवाळाचा हिरवा, बास. पहिल्यांदा केली तेव्हा मला ती उदास वाटली होती. पण त्या रंगांत मी माझ्या जावयाचा बिनबाह्यांचा स्वेटर विणला आणि तो आजही तोच घालतो.

आता तुझ्या संक्रांतीचं.

संक्रांतीला आपल्याकडे काळं घालतात, त्यावर हलव्याचे दागिने. लहान मुलांचं बोरन्हाण असतं. काळा रंग आणि त्यावर पांढरा काटेरी दाणा, यापेक्षा विणायला सोपी आणि आपली नक्षी कुठं मिळणार? काळ्या फ्रॉकवर पांढरे दाणे उठवायचे. एकाच टाक्यात सुलट, उलट, सुलट, उलट, सुलट असे पाच टाके काढायचे, काम पलटून पाचही उलट विणायचे, पुन्हा पलटून पाचही एकत्र सुलट घ्यायचे. टपोरा दाणा उभा राहतो. पांढरा धागा ओळभर मागून ओढत नेऊ नकोस, काळ्यातून डोकावतो. प्रत्येक दाण्याला वेगळा तुकडा घे आणि मागं गाठवून टाक. दाणे सगळीकडे पेरू नकोस. गळ्याशी हारासारखी एक ओळ, मनगटाशी एक.

वर्षाच्या बाळाला घेर २२ इंच धर. १० नंबरच्या सुयांवर फोर प्लायनं मला इंचाला ७ टाके येतात, म्हणजे पुढच्या ११ इंचाला ७७, आणि शिवणीचे दोन धरून ७९. तुझा हात घट्ट असेल तर आधी चार बोटांचा तुकडा विणून मोज.

एक चूक माझ्याकडून झाली ती तुझ्याकडून नको व्हायला. पहिल्या नातीच्या बोरन्हाणाचा फ्रॉक मी बारा रात्री जागून विणला होता. धुतला आणि काळं उतरलं, सगळे दाणे राखाडी झाले. सूत पक्क्या रंगाचं म्हणून घेतलं होतं. मी अक्षरशः रडले. तेव्हापासून काळ्या सुताची लड आधी कोमट पाण्यात धुते, पाणी स्वच्छ येईपर्यंत, आणि मगच पांढऱ्याशेजारी आणते.

दुसरं, येत्या महिन्यात किरणोत्सव आहे. नोव्हेंबरची ९, १० आणि ११, पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. मावळतीचं ऊन महाद्वारातून आत येतं आणि पहिल्या दिवशी अंबाबाईच्या चरणांपर्यंत, मग छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोहोचतं. ढग असले की नाही येत, सगळे हात जोडून वाट बघत उभे असतात. मी लहानपणापासून बघते आहे. ते ऊन दगडावर पिवळं नसतं गं, तांब्यासारखं असतं, आणि कडेला एकदम काळोख. शालीसाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे! खाली काळपट तपकिरी, त्यातून वर चढणारा तांबूस पट्टा. तीन शाली कर, पहिलीत पट्टा खाली, दुसरीत मध्यावर, तिसरीत खांद्याशी. कुणाला सांगावं लागणार नाही.

ऊस तर तुझ्या दारातच आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात तुरे येतात तेव्हा गगनबावड्याच्या रस्त्यानं एकदा जाऊन ये. तुरा लांबून पांढरा दिसतो, जवळ गेलीस तर त्यात फिकी जांभळट झाक असते. मोतिया रंगाचे तीन पदर आणि फिक्या जांभळ्याचा एक असं धर, वर त्या इचलकरंजीच्या दादांनी सांगितलंय तसं. आणि गुऱ्हाळावर गेलीस तर काहिलीजवळ, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईजवळ, उभी राहून रस बघ. हिरवट, मग मातकट, मग मधासारखा, शेवटी गुळाचा पिवळा. हा क्रम मोज्यांच्या जोडीत इतका सुंदर उतरतो की काय सांगू.

बाकी महिने थोडक्यात: भाद्रपदात मसाई पठारावर सोनकीचा पिवळा आणि तेरड्याचा गुलाबी. फाल्गुनात पळस. चैत्रात जोतिबाला गुलाल, तो गुलाबी मात्र दुसऱ्या कुठल्याही रंगाशेजारी दबत नाही, म्हणून एकटाच वापरावा. वैशाखात बहावा आणि ताम्हण.

माझी सात वर्षांची नात शेजारी बसून सुया मागते आहे, "आज्जे, मी पण विणतो." थांबते आता.

---

बिरोबाचा_माळ

बाईंनी रंगाचं सांगितलं, मी लोकरीचं सांगतो. आमच्या घरात तीन पिढ्या मेंढरं आहेत.

तुम्ही दुकानातनं आणता ती बहुतेक लोकर ॲक्रिलिक असते, तिला ऋतू नसतो. आमच्या दख्खनी मेंढराची लोकर वर्षातनं दोनदा कातरतात. काळी, करडी, तपकिरी, एकाच मेंढराच्या अंगावर दोन-तीन छटा असतात. उन्हानं टोकाशी तांबूस होते आणि बुडाशी काळी राहते, म्हणून हातकताईच्या धाग्यात काळा कधीच सपाट येत नाही. अंगाला टोचते हे खरं आहे, बाळाला वापरू नका. पण आसन, पिशवी, भिंतीवर लावायचं काम, जाड पायमोज्याचा तळवा, याला तोड नाही. घोंगडं विणताना ताण्याला (उभ्या धाग्यांना) चिंचोक्याची खळ लावतात, त्यानं धागा कडक राहतो. तुम्हाला सुयांवर विणायला खळ न लावलेला धागा मागून घ्यावा लागेल, तसं स्पष्ट सांगा.

आणि एकदा पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला या. दसरा झाला की असते. ढोल घुमायला लागतात, भंडारा उधळतात, हजारो काळ्या घोंगड्यांवर पिवळी हळद बसते. माझ्या आजोबांच्या घोंगड्यात तो पिवळा इतका मुरला होता की झटकलं तरी शिवणीतनं निघायचा. त्यांच्या मागं ते घोंगडं मी धुतलेलं नाही. तुम्ही काळ्या लोकरीत पिवळा धागा घातलात तर पट्टा घालू नका. उधळल्यागत पडू द्या, एका खांद्यावर जास्त, दुसऱ्यावर कमी.

बेंदराचंही बघा, आमचा बैलांचा सण. बैलाची झूल, गोंडे, कपाळावरची माथोटी. गोंडा कसा बांधतात हे गावातल्या म्हाताऱ्या माणसाकडनं शिकून घ्या, तुमच्या टोप्यांना ते शोभतील.

---

सुताचा_धंदा

दादा, हळदीनंच लोकर रंगवली तर?

---

विणकामाच्या_बाई

हळदीचा रंग सुंदर चढतो आणि उन्हात उडतो. घालायच्या कपड्याला नको. त्यापेक्षा दसरा-दिवाळीचे झेंडूचे हार टाकून देतात ते गोळा कर, पाकळ्या सावलीत सुकव. १०० ग्रॅम खऱ्या लोकरीला १० ग्रॅम तुरटी, आधी तुरटीच्या पाण्यात मंद गरम करायची, मग लोकरीच्या वजनाइतक्या सुक्या पाकळ्यांच्या काढ्यात तासभर. भांडं स्टीलचं. उकळी फुटू द्यायची नाही आणि गरमातून एकदम गार पाण्यात घालायची नाही, लोकर आकसून घट्ट होते. कांद्याच्या सालीनं याच रीतीनं सोनेरी केशरी येतो. काळ्या लोकरीवर काहीच दिसणार नाही, पांढरी मिळाली तरच कर. ॲक्रिलिकवर यातलं काही चढत नाही.

आणि हे सगळं आताच उरकून घे. आषाढ-श्रावणात आपल्याकडे लोकर चार-चार दिवस वाळत नाही, वास धरते.

---

रंकाळ्याकाठची (नोव्हेंबर, तिसरा आठवडा)

बाई, दादा, उशिरा लिहितेय, पण रोज तुमचंच सांगणं डोक्यात होतं.

जागा रंकाळाच धरली, संध्यामठ दिसतो तिथली, सकाळी साडेसहाच. पहिल्या दिवशी मी पुठ्ठ्यावर निळा गुंडाळायला काढला, कारण तळं म्हणजे निळं असं हातानंच ठरवलं होतं. मग बघितलं तर पाण्यात निळा नव्हताच. राखी, त्यात आभाळाचा किंचित अबोली, आणि काठाशी जलपर्णीचा गडद हिरवा. इथं जन्मापासून राहते आणि हे आत्ता दिसलं. पट्टी तयार झाली तेव्हा हात गार पडले होते, पण उठवत नव्हतं.

किरणोत्सवाला तिन्ही दिवस गेले. पहिल्या दिवशी ढग होते. दुसऱ्या दिवशी ऊन आत आलं आणि बाई, तुम्ही म्हणालात तो तांब्याचा रंग! माझ्याकडच्या एकाही गुंडीत तो नाही. केशरीचे दोन पदर, तपकिरीचा एक आणि मरून एक असं धरून साधारण जवळ आलेय. पहिली शाल वीतभर झाली आहे.

काळं सूत चार पाण्यांतून काढलं. चौथं पाणी स्वच्छ आलं. फ्रॉकच्या गळ्याशी सतरा दाणे उठवलेत, पण एक अडचण आहे. दाण्यांची ओळ मध्ये येते तिथं कापड आत ओढलं जातंय आणि गळा आवळतोय. दाण्यांमध्ये मी तीन टाके सोडलेत. पाच सोडू, की सुई एक नंबर जाड घेऊ? उसवायला हरकत नाही, फक्त मनगटाची ओळ सुरू करायच्या आधी कळलं तर बरं.

---

विणकामाच्या_बाई

पाच सोड आणि सुई तीच ठेव. दाणा एकत्र घेताना धागा जोरात ओढतेस, म्हणून आवळतंय. पाचही टाके सैल हातानं घे, पुढचा साधा टाका मात्र घट्ट, म्हणजे दाणा मागे घसरत नाही. गळ्यातून डोकं जायला मागं दोन इंचांची फट ठेवून बटण लाव. वर्षाच्या पोराला डोक्यावरून ओढलेलं आवडत नाही.

उसव आजच. आणि त्या तांब्याच्या शालीतला एक धागा माझ्यासाठी बाजूला ठेव, माझ्या पुठ्ठ्यावर गुंडाळायचा आहे.