मदत हवी आहे: ग्लासातल्या पावट्याला बुरशी येते

बालवाडीतल्या 4-5 वर्षांच्या मुलांना बी रुजताना दाखवायचं आहे. काचेच्या ग्लासात आतून टिपकागद लावून, कागद आणि काच यांच्यामध्ये पावट्याचे दाणे ठेवतो. तळाशी बोटभर पाणी, कागद ते वर ओढून घेतो. मूळ काचेला चिकटून खाली उतरताना मुलांना स्पष्ट दिसतं, म्हणून मातीपेक्षा हीच पद्धत हवी आहे.

पण पावसाळी हवेत तिसऱ्या-चौथ्या दिवशी दाण्याच्या सालीवर पांढरी बुरशी धरते, दाणा बुळबुळीत होतो.

करून पाहिलं: दाणे रात्रभरच भिजवले, फुटके काढून टाकले, ग्लास उकळत्या पाण्याने धुतले, पाणी रोज बदललं. कापूस तर जास्तच कुजवतो. मूग छान रुजतो, पण त्याच्या दाण्याची दोन दलं इतकी बारीक की मुलांना दिसत नाहीत.

मुलं हात तोंडात घालतात, त्यामुळे औषध लावलेलं बियाणं नको. राजमाही नको, कच्चा चघळला तर बाधतो. शनिवार-रविवार खोली बंद असते, म्हणजे सोमवारी भिजवलेल्या दाण्याला शुक्रवारपर्यंत मूळ तरी फुटायलाच हवं.

भिजलेल्या पावट्याची साल काढून ठेवली तर बुरशी कमी होते का? की अशा दमट हवेत चवळी जास्त तग धरेल?