बीफ खिमा आणि भात अर्ध्या तासात: खिम्याला इतके पाणी का सुटते?

शिकागोकर
मी येथे एकटा राहतो, संध्याकाळी सातला घरी पोचतो आणि रात्रीच्या जेवणात ४० ग्रॅम प्रथिने बसवण्याचा प्रयत्न करतो आहे. मटणाचा खिमा जवळपास मिळत नाही, बीफचा मात्र कोणत्याही दुकानात मिळतो. घरच्या सवयीप्रमाणे मी तो चाळणीत धुऊन, कांदा, आले-लसूण व टोमॅटोच्या वाटणात टाकतो. परंतु त्याला इतके पाणी सुटते की तो परतला न जाता करडा पडून उकडतो आणि पाणी आटेपर्यंत पाऊण तास जातो. वेळ वाचावा म्हणून एकदा त्यातच तांदूळ घातले, तर त्याची खिचडी झाली. माझे काय चुकते आहे?

कढईवाला
चूक चाळणीत आहे. दळलेल्या मांसाचा प्रत्येक कण पाणी धरून ठेवतो, आणि कढईत पाणी असेपर्यंत तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही, तर खमंग तपकिरी रंगासाठी साधारण १४० अंश लागतात. धुतल्याने जंतूही जात नाहीत, उलट ते मोरीभर उडतात. तेव्हा पाकिटातला खिमा तसाच घ्या, लोखंडी कढई चांगली तापवा, त्यात तो पसरून तीन-चार मिनिटे अजिबात हलवू नका, मगच उलटून फोडा. कढई लहान असेल तर दोन भागांत परता. कांदा, वाटण आणि मसाला त्यानंतर, टोमॅटो सर्वांत शेवटी. भात शेजारच्या शेगडीवर वेगळाच लावावा, कारण बासमती पंधरा मिनिटांत होतो आणि खिम्यालाही तेवढाच वेळ पुरतो.

वजनकाटा
हिशेब असा. पाकिटावर ९३/७ लिहिलेले असेल तर त्यात वजनाने सात टक्के चरबी असते आणि १०० ग्रॅम कच्च्या खिम्यात सुमारे २१ ग्रॅम प्रथिने असतात. एक पौंडाचे, म्हणजे ४५४ ग्रॅमचे पाकीट तीन जेवणांत वाटले तर प्रत्येकी ३१-३२ ग्रॅम झाले. एक कप शिजलेला भात ४ ग्रॅम देतो, अर्धा कप मटार आणखी ४. म्हणजे चाळिशी जवळजवळ गाठली, आणि वर वाटीभर दही घेतले की प्रश्नच मिटला. ८०/२० चा खिमा चविष्ट असतो, हे मान्य. पण त्यात प्रथिने १०० ग्रॅमला १७ च्या आसपास. वजन मात्र कच्चेच धरा, कारण शिजल्यावर खिमा पाऊणपट उरतो आणि तेथेच बहुतेकांची बेरीज चुकते.

पुणेरी_वाटाणा
आमच्याकडे महाराष्ट्रात २०१५ पासून गाय-बैलाचे मांस मिळत नाही, त्यामुळे मी हेच कोंबडीच्या खिम्याचे करतो. तो कोरडा असल्याने एक चमचा तेल जास्त लागते, एवढाच फरक.

शिकागोकर
सर्वांचे आभार. न धुता शिजवायचे म्हणजे आईला सांगण्याची सोय नाही. आतून शिजल्याची खात्री कशी करावी, आणि उरलेले दोन भाग डब्यासाठी ठेवता येतील का?

कढईवाला
दळताना पृष्ठभागावरचे जंतू आतपर्यंत मिसळतात, म्हणून रंगावर विसंबू नका. अमेरिकेच्या कृषी खात्याने बीफच्या खिम्यासाठी ७१ अंश सेल्सियस ही मर्यादा सांगितली आहे आणि साधा स्वयंपाकाचा तापमापक त्यासाठी पुरेसा आहे. उरलेला खिमा आणि विशेषतः भात पसरट डब्यात घालून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात पुन्हा गरम केला तरी खाण्याजोगा राहत नाही, कारण त्यात तयार झालेले विष उष्णतेने जात नाही.