वर्गातली कट्टी आता मिटत का नाही?

वर्गशिक्षिका, पूर्व भाग:

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका प्राथमिक शाळेत पाचवीचा वर्ग सांभाळते. मुलांची भांडणे मिटवणे हा माझ्या नोकरीतला कुठेही न लिहिलेला, पण रोजचा भाग आहे. करंगळी दाखवून सकाळी झालेली कट्टी मधल्या सुट्टीत कुणाच्या तरी डब्यातल्या शेंगाचटणीवरून गट्टीत बदलायची आणि शाळा सुटेपर्यंत कोण कुणावर रुसले होते हे त्या दोघांनाही आठवत नसे. गेल्या चार-पाच वर्षांत मला जाणवणारा बदल असा की कट्टी पूर्वीसारखीच होते, गट्टी मात्र होत नाही.

एक प्रसंग सांगते. स्नेहसंमेलनाच्या तालमीत एका मुलाला मोठी जांभई आली. कुणाच्या तरी आईने सरावाचा फोटो काढला होता, तो वर्गाच्या ग्रुपवर आला आणि एका मुलाने त्यातले ते उघडे तोंड तेवढे कापून त्याचे स्टिकर केले. त्यानंतर ग्रुपवर कुणी गृहपाठ विचारला तरी उत्तरादाखल ते स्टिकर यायचे. माझ्या कानावर आले तेव्हा मी स्टिकर करणाऱ्याला बोलावले. त्याने मनापासून माफी मागितली, दोघांनी हात मिळवले आणि मला वाटले की विषय संपला. महिन्याभराने दुसऱ्या तुकडीतल्या, या मुलाशी कधी एक शब्दही न बोललेल्या एकाने त्याला जिन्यात ‘जांभई’ म्हणून हाक मारली. माफी मागणारा एक होता आणि स्टिकर तीस फोनांत होते. आता वर्गाचा फोटो काढायचा म्हटले की तो मुलगा तोंडावर हात धरतो.

दुसरी गोष्ट मारामारीची. पूर्वी दोघे भिडले की चार जण ‘बाई, बाई’ करत माझ्याकडे धावत यायचे. शाळेत फोन आणायला बंदी असल्यामुळे आता भांडण शाळा सुटेपर्यंत राखून ठेवले जाते आणि गल्लीच्या तोंडाशी, जिथे कुणाचा तरी मोठा भाऊ फोन घेऊन उभा असतो तिथे, ते पुरे केले जाते.

इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप या दोन्हींच्या स्वतःच्या नियमांप्रमाणे भारतात वापरणारा किमान १३ वर्षांचा असावा लागतो. माझी मुले दहा-अकरा वर्षांची आहेत. इन्स्टाग्रामच्या हिशेबाने मात्र त्यांतली कित्येक २००५ साली जन्मलेली आहेत. ऑस्ट्रेलियाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायदा करून १६ वर्षांखालील मुलांची खाती बंद ठेवण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली, तो १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाला आणि कसूर केल्यास ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड आहे. आपल्याकडेही असेच काही झाले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांना पटत नसेल त्यांनी कारणासह लिहावे.

पालक, जुळे सोलापूर:

बाई, आपल्याविषयी पूर्ण आदर ठेवून मी विरुद्ध बाजू मांडतो. माझे वडील गिरणीतल्या चिंध्यांचा व्यापार करत, त्यामुळे चौथीत मला पडलेले ‘चिंधी’ हे नाव दहावीपर्यंत टिकले आणि आजही नवी पेठेत कुणी जुना मित्र भेटला तर तो त्याच नावाने हाक मारतो. त्या काळी माझ्या घरी साधा टेलिफोनही नव्हता. मुले एकमेकांना छळतात हे दुःखद असले तरी त्याचा शोध काही फोनवाल्यांनी लावलेला नाही.

आपण ज्या गट्टीविषयी लिहिले आहे ती होण्यासाठी मुलांना एकत्र असण्याची जागा आणि रिकामा वेळ लागतो. आमच्या वसाहतीत सात इमारती आहेत आणि खेळण्याजोगी मोकळी जागा म्हणजे गाड्या लावण्याची फरशी. सूरपारंब्यांना झाड लागते, लगोरीला धूळ लागते, आणि पाच वाजता शिकवणी, सात वाजता दुसरी शिकवणी असा दिवस लावून दिल्यावर मुलांनी भेटायचे कुठे? मैदाने आपण मोठ्यांनी घालवली आणि वर फोनकडे बोट दाखवतो, हे मला प्रामाणिक वाटत नाही.

बंदीचा अनुभवही आपल्या गाठीशी आहे. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकसह ५९ अ‍ॅप बंद केली आणि जुलै संपायच्या आत इन्स्टाग्रामचे रील्स भारतात हजर झाले. मुलांना पाटी बदलल्यासारखे वाटले असेल, त्याहून अधिक काही नाही. शिवाय ज्या ऑस्ट्रेलियाचा आपण दाखला दिला, त्या कायद्यातून व्हॉट्सअ‍ॅपसारखी निरोपाची अ‍ॅप वगळलेली आहेत. म्हणजे तो कायदा जसाच्या तसा सोलापुरात आणला तरी जांभईचे स्टिकर फिरतच राहिले असते.

हा फोन मुलांच्या हातात दिला कुणी, हेही आठवावे. टाळेबंदीत आपणच सांगितले की शाळा याच्यात आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा पाठ्यपुस्तकातल्या त्यांच्या क्यूआर कोडचे कौतुक आपण सर्वांनी केले आणि ते योग्यच होते. माझी मुलगी दहा वर्षांची आहे आणि बोलताना अडखळते. वर्गात ती हात वर करत नाही, पण पुण्याच्या मावसबहिणीला ती तीन-तीन मिनिटांचे आवाजी निरोप पाठवते. मनासारखा होईपर्यंत पुसते, पुन्हा बोलते. तिच्यासाठी हे दार बंद करा, असे मला कुणी सांगू नये.

आणि २०१९ साली साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीनांच्या माहितीचा अभ्यास करणाऱ्या एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की यांना आढळले की मुलामुलांमधल्या मानसिक सुस्थितीच्या फरकापैकी फार तर ०.४ टक्के फरकाचा संबंध पडद्याच्या वापराशी लावता येतो. एवढ्याशा आकड्यावर कायदे करायचे का?

निवृत्त आजोबा, नवी पेठ:

जुळे सोलापूरच्या गृहस्थांना एवढेच विचारतो की ज्यांनी आपल्याला चिंधी म्हटले, त्यांच्याबरोबर आपण डबाही खात होता ना? नाव ठेवणारा आणि त्याच नावाने भर रस्त्यात गळ्यात पडणारा माणूस एकच होता, म्हणून ते नाव आज गोड लागते. जिन्यातल्या त्या मुलाला ज्याने हाक मारली, त्याला त्याचे खरे नावही ठाऊक नव्हते. या दोन गोष्टी एका मापाने मोजू नयेत.

शालेय समुपदेशक:

०.४ टक्क्यांचा आकडा चर्चेत आला आहे म्हणून लिहिते. तो अभ्यास उत्तम आहे, पण तो किशोरवयीनांचा आहे, दहा वर्षांच्या मुलांचा नाही. त्यात मोजलेली गोष्ट म्हणजे मुलांची मानसिक सुस्थिती, आणि येथे विषय चालला आहे वागणुकीचा. तिसरे असे की लाखोंच्या सरासरीत एखाद्या वर्गातला तोंडावर हात धरणारा मुलगा दिसत नाही. सरासरी खोटी नसते, परंतु ती वेगळ्या प्रश्नाचे उत्तर असते.

आपल्या विषयाच्या अधिक जवळ जाणारा अभ्यास २०१४ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या संशोधकांनी प्रसिद्ध केला. सहावीतली ५१ मुले पाच दिवस फोन, टीव्ही, संगणक यांपैकी काहीही नसलेल्या निसर्ग शिबिरात राहिली आणि त्याच वयाची ५४ मुले नेहमीप्रमाणे घरी व शाळेत राहिली. आधी आणि नंतर दोन्ही गटांना माणसांची छायाचित्रे आणि आवाज बंद केलेल्या चित्रफिती दाखवून समोरच्याच्या मनात काय चालले आहे ते ओळखायला सांगितले. शिबिरातल्या मुलांची ओळखण्याची क्षमता घरी राहिलेल्यांपेक्षा अधिक सुधारली, तीही अवघ्या पाच दिवसांत.

आता या निष्कर्षावर बाईंनी लगेच आनंदू नये. शिबिरात पडदे नव्हते, पण त्याचबरोबर दिवसभर मुलांच्या समोर मुले होती. फोन काढून घेतल्यामुळे फरक पडला की सोबत मिळाल्यामुळे, हे त्या अभ्यासावरून वेगळे करता येत नाही. जुळे सोलापूरचे पालक मैदानाबद्दल जे म्हणतात, त्यालाही हा अभ्यास तितकाच आधार देतो.

माझ्या कामातून मला जे दिसते ते असे. चिडवणारे मूल दुष्ट नसते, ते अंदाज घेत असते. समोरच्याचा चेहरा पडला, ओठ थरथरले की दहापैकी आठ मुले आपोआप थांबतात, आणि नेमके कुठे थांबायचे हे याच वयात, अशाच शेकडो लहान चुकांमधून त्यांना कळत जाते. स्टिकर पाठवणाऱ्याला तो पडलेला चेहरा दिसत नाही. त्याला दिसतात इतरांनी पाठवलेले हसण्याचे चेहरे, म्हणजे जिथे ‘थांब’ असा इशारा मिळायला हवा तिथे ‘आणखी कर’ असा इशारा मिळतो. माझ्या दृष्टीने तासांच्या हिशेबापेक्षा हा उलटा इशारा अधिक काळजीचा आहे.

आरोग्यसेविका, यंत्रमाग कामगाराची मुलगी:

वरची सगळी चर्चा अशा घरांविषयी चालली आहे जिथे मुलाचा फोन वेगळा असतो आणि संध्याकाळी आई-वडिलांपैकी कुणीतरी त्याच्याकडे बघायला मोकळे असते. मी ज्या वस्तीत वाढले आणि आता जिथे घरोघर जाते, तिथे फोन एकच असतो आणि तो वडिलांचा असतो. वडील रात्रपाळीहून येऊन झोपलेले असतात, आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत असते, आणि हजार विड्या पुऱ्या व्हायच्या असतील तर धाकट्याने एका जागी बसून राहणे तिच्या पोटापाण्याशी जोडलेले असते. तिला ‘मुलाच्या हातात फोन देऊ नका’ असे सांगताना मला माझीच लाज वाटते.

या घरात १३ वर्षांचा नियम मोडलाच जात नाही, कारण खाते वडिलांचे असते. अ‍ॅपच्या समजुतीप्रमाणे रील बघणारा हा चाळीस वर्षांचा पुरुष आहे आणि चाळीस वर्षांच्या पुरुषाला जे दाखवायचे तेच ते नऊ वर्षांच्या मुलाला दाखवते. एका घरी मी बसले असताना त्या मुलाने मोठ्या बहिणीला पाणी मागितले. घरी तेलुगू, शाळेत मराठी बोलणारा हा मुलगा तिच्याशी हिंदीत बोलला, मान तिरकी करून, तिच्या रूपावरून एक शेरा मारून. तो शेरा त्याचा नव्हताच, त्याला त्याचा अर्थही कळला नव्हता. बहीण मात्र ताडकन उठून आत गेली. आई हसली, कारण तिला वाटले की पोरगा नट झाला.

आपल्या देशात २०२३ साली डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा झाला. त्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक मानला आहे, पालकांची पडताळलेली संमती आणि मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई या गोष्टीही आहेत. कागदावर हा कायदा ऑस्ट्रेलियापेक्षाही कडक वाटतो. पण ज्या घरात संमती देणाऱ्या बापाचा फोन आणि मुलाचा फोन एकच आहे, तिथे कोण कुणाची पडताळणी करणार? मी बंदीच्या विरोधात नाही. ती आमच्या गल्लीपर्यंत पोहोचत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

वर्गशिक्षिका, पूर्व भाग:

आरोग्यसेविका ताईंचे म्हणणे वाचून मी बराच वेळ थांबले. माझ्या वर्गातल्या निम्म्या घरांत हेच चित्र आहे, आणि मी खात्यांविषयी लिहिताना त्या घरांचा विचार केला नव्हता. हे मान्य करते. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यातून व्हॉट्सअ‍ॅप वगळलेले आहे, हा मुद्दाही मी गमावला.

मैदानाचा मुद्दा मात्र मला अर्धाच पटतो. आमच्या शाळेला चांगले मोठे मैदान आहे. जांभईचे स्टिकर करणारा आणि तो मुलगा त्याच मैदानावर रोज एकाच संघात कबड्डी खेळत होते. मैदानावर त्यांची गट्टी होती आणि रात्री साडेनऊला ग्रुपवर ती तुटत होती.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी फोन व टीव्ही बंद ठेवतात. पालकसभेत मी तो विषय काढला. सभेला ३८ पैकी १४ घरांतून कुणीतरी आले होते आणि एका आजींनी विचारले की इथे गिरण्यांचे भोंगे बंद पडले, आता हा नवा कोण वाजवणार. सगळे हसले, मीही हसले, आणि विषय तिथेच राहिला. शेवटी वर्गाचा ग्रुप चालवणाऱ्या आईला सांगून निरोप फक्त अ‍ॅडमिनच पाठवू शकेल, अशी व्यवस्था केली. दोन दिवस शांतता होती. तिसऱ्या दिवशी कळले की मुलांनी वेगळा ग्रुप काढला आहे आणि त्यात मोठ्यांपैकी कुणी नाही.

पालक, जुळे सोलापूर:

बाईंचा शेवटचा परिच्छेद वाचल्यावर मी मुलीला सांगून, तिच्या समोर बसून, तिच्या वर्गाचा ग्रुप पाहिला. तिच्याकडे सत्तेचाळीस स्टिकर आहेत, त्यांपैकी नऊ वर्गातल्या मुलांच्या चेहऱ्यांचे आहेत आणि एक तिने स्वतः केलेले आहे. एका जाड मुलाचा वडापाव खातानाचा तो फोटो आहे. तिला विचारले तेव्हा ती म्हणाली की त्यालाही ते आवडते, तोसुद्धा हसतो. तो हसताना तू पाहिलेस का, असे विचारल्यावर अडखळत म्हणाली की त्याने हसण्याचा चेहरा पाठवला होता.

बंदीबद्दलचे माझे मत अजून तेच आहे आणि आवाजी निरोपांचा फोन मी काढून घेणार नाही. तो मुलगा होटगी रस्त्याच्या बाजूला राहतो. रविवारी सकाळी मी तिला त्याच्या घरी घेऊन जाणार आहे. त्याच्या आईला आज फोन करून विचारले, तेव्हा त्यांना या स्टिकरची काहीच कल्पना नव्हती. फक्त इतकेच म्हणाल्या की गेले काही दिवस तो डबा परत आणतो आहे.