मदत हवी आहे: नाशिकमध्ये खासगी विद्यापीठातून बीसीए करावं का?

नमस्कार मंडळी, धाकट्या भावाची बारावी कॉमर्स झाली, सीईटीही दिली आहे. एक पर्याय पुणे विद्यापीठाशी संलग्न शहरातलं कॉलेज, दुसरा शहराबाहेरचं खासगी विद्यापीठ. सिन्नरहून एसटीने रोज ये-जा करणार, होस्टेल नको.

यूजीसीच्या यादीत विद्यापीठाचं नाव आहे, ते पाहिलं. कॅम्पसही बघून आलो; लॅब चकाचक, पण खुर्च्यांवरचं प्लास्टिकही निघालेलं नव्हतं. प्लेसमेंटचे आकडे मागितले तर कंपन्यांच्या लोगोंचं माहितीपत्रक हातात दिलं. (लोगो काय, कुणीही छापतं!) महाडीबीटीची (राज्य सरकारचं शिष्यवृत्ती पोर्टल) राजर्षी शाहू शिष्यवृत्ती खासगी विद्यापीठाला लागू नाही, म्हणजे पूर्ण फी खिशातूनच. त्यामुळे 'घेऊन टाका, बघू पुढे' असं जमणार नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेल्यांनी किंवा नुकतंच पास झालेल्यांनी सांगा: प्रॅक्टिकल खरंच होतात का? निकाल आणि मार्कशीट वेळेवर मिळतात का? पहिल्या वर्षानंतर फी वाढली का, परीक्षा फी वेगळी घेतात का? आणि मुख्य म्हणजे, वर्षभराने सोडून पुणे विद्यापीठाच्या कॉलेजला थेट दुसऱ्या वर्षाला कुणी गेलंय का, पहिल्या वर्षाचे क्रेडिट (पास झालेल्या विषयांचे गुणांक) धरले का त्यांनी?