‘शंका’, ‘संशय’ की ‘साशंकता’? स्प्लाटूनच्या नव्या खेळाविषयी लिहिताना

प्रश्न

निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या ‘स्प्लाटून’ या व्हिडिओ गेम मालिकेतून निघालेला ‘स्प्लाटून रेडर्स’ हा खेळ जून २०२५मध्ये त्याच कंपनीच्या ‘स्विच २’ या खेळयंत्रासाठी जाहीर झाला. मालिकेतून निघालेला हा पहिलाच वेगळा खेळ आहे. त्यात खेळाडू मेकॅनिकच्या भूमिकेत असतो आणि ‘स्प्लाटून ३’मधल्या ‘डीप कट’ या त्रिकुटासोबत, म्हणजे शिव्हर, फ्राय आणि बिग मॅन यांच्यासोबत, अनोळखी बेटांवर मोहिमेला जातो. या खेळाकडे एकट्याने खेळायचा खेळ म्हणून पाहिले जात असल्यामुळे मालिकेच्या जुन्या चाहत्यांमध्ये बरीच चलबिचल आहे, आणि त्याविषयी मी एक लेख लिहितो आहे.

लेखात मी ‘या खेळाबद्दल चाहत्यांना अनेक शंका आहेत’ असे वाक्य लिहिले होते. ते वाचून एका स्नेह्यांना वाटले की, खेळ कोणत्या यंत्रावर चालेल, मित्रांना सोबत घेता येईल का, असे प्रश्न चाहते विचारत आहेत. दुसऱ्यांनी सुचवले की ‘शंका’ऐवजी ‘संशय’ म्हणावे, म्हणजे अर्थ ठाशीव होईल. मला मात्र ‘संशय’ फार कडक वाटतो. येथे कोणता शब्द योग्य ठरेल? शिवाय ‘सिंगल-प्लेयर’ला ‘एकेरी’ म्हणावे की ‘एकल’, आणि ‘स्पिन-ऑफ’साठी मराठीत काही रुळलेले आहे का, हेही जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद

आपल्या स्नेह्यांचा गोंधळ होण्याचे कारण ‘शंका’ या नामात नसून त्याच्याजवळ क्रियापद नसण्यात आहे. मराठीत शंका विचारली जाते, शंका येते आणि शंका घेतली जाते, आणि या तिन्ही ठिकाणी अर्थ बदलतो. शंका विचारणारा माणूस उत्तर जाणणाऱ्याकडे जातो आणि निरसन झाले की समाधानाने परततो. शंका येते तेव्हा ती आपण होऊन मनात उगवते, पाल चुकचुकावी तशी, आणि तिच्यात कोणावर ठपका नसतो. शंका घेणारा मात्र समोरच्याच्या हेतूकडे किंवा कुवतीकडे बोट दाखवतो. ‘शंका आहेत’ असे मोघम लिहिले, त्यातही अनेकवचनात, की वाचक पहिला आणि सर्वांत निरुपद्रवी अर्थ घेतो. आपल्या पहिल्या स्नेह्यांनी तेच केले आणि त्यात त्यांची चूक नाही.

आता ‘संशय’. रोजच्या लिहिण्याबोलण्यात या शब्दाला अपराधाची छटा चिकटली आहे. संशयित, संशयास्पद, संशयाचा फायदा हे त्याचे सगे पाहिले की हे लक्षात येते. तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत तो ‘दोन पर्यायांमध्ये दोलायमान झालेले मन’ या शुद्ध अर्थाने येतो, हे खरे, परंतु खेळाविषयीचा लेख वाचणारा माणूस तो अर्थ मनात आणणार नाही. त्याच्या दृष्टीने ‘खेळाविषयी संशय आहे’ म्हणजे यात काहीतरी काळेबेरे आहे.

म्हणून एकच शब्द शोधण्यापेक्षा चाहत्यांच्या मनात नेमके काय आहे ते आधी वेगळे करावे, असे मला आग्रहाने वाटते, कारण तेथे तीन निरनिराळ्या भावना आहेत आणि मराठीत तिघींसाठी तीन निरनिराळे शब्द आहेत.

पहिली भावना खऱ्या अर्थाने शंकेची आहे. या मालिकेत शाई हे केवळ शस्त्र नाही. आपल्या रंगाच्या शाईत खेळाडू माखळीचे रूप घेऊन पोहतो, लपतो, भिंत चढतो आणि रिकामी होत आलेली टाकी झपाट्याने भरून घेतो. विरोधकांच्या शाईत पाय पडला तर तो मंदावतो आणि त्याला इजाही होते. चार विरुद्ध चार अशा तीन मिनिटांच्या नेहमीच्या सामन्यात किती जणांना टिपले याला महत्त्व नसते, शेवटी जमिनीचा किती भाग कोणाच्या रंगात आहे यावर निकाल लागतो. आपण रंगवलेला कोपरा पाठ वळताच दुसऱ्याने आपल्या रंगाचा करून टाकावा आणि आपण धावत परत यावे, ही ओढाताण म्हणजेच या खेळाचा प्राण. समोर रंग पुसून टाकणारा माणूस नसेल, तर जमीन रंगवण्याला अर्थ उरेल की नाही? हा प्रश्न प्रामाणिक आहे, त्याचे उत्तर दोन्ही बाजूंनी जाऊ शकते, आणि येथे ‘शंका’ हाच शब्द हवा.

दुसरी भावना भीतीची आहे. ‘स्प्लाटून’ २०१५मध्ये, ‘स्प्लाटून २’ २०१७मध्ये आणि ‘स्प्लाटून ३’ २०२२मध्ये आला. आता वेगळा खेळ आल्याने मूळ मालिकेतला पुढचा खेळ लांबणीवर पडेल की काय, ही ती भीती. हिला शंका म्हटले तर ती फारच सौम्य होते. येथे ‘धास्ती’ किंवा ‘धाकधूक’ बसेल.

तिसरी भावना निन्टेन्डोच्या हेतूविषयी आहे. मूळ खेळांतल्या मोहिमांखेरीज आलेल्या याआधीच्या दोन मोठ्या एकल मोहिमा, २०१८चा ‘ऑक्टो एक्स्पान्शन’ आणि २०२४चा ‘साइड ऑर्डर’, मूळ खेळाला जोडून घेण्याच्या सशुल्क पुरवण्या होत्या. एखाद्या चाहत्याला वाटत असेल की जे पूर्वी पुरवणी म्हणून मिळाले असते तेच आता स्वतंत्र खेळ म्हणून विकले जात आहे, तर त्याला आपण ‘संशय’ म्हणू शकतो. पण हा शब्द वापरल्यावर तो कशावरून आला हे सांगण्याची जबाबदारी लेखकावर येते, आणि ती पेलणार नसेल तर शब्दही टाळावा.

या तिघींची परीक्षा त्यांच्याआधी वाक्यात काय येते यावरून सहज होते. शंकेपूर्वी ‘की नाही’ येते: ‘रंगवण्याला अर्थ उरेल की नाही, अशी शंका’. धास्तीपूर्वी ‘की काय’ येते: ‘पुढचा खेळ लांबेल की काय, अशी धास्ती’. धास्तीच्या वाक्यात ‘की काय’ आपण नको असलेल्या गोष्टीलाच लावतो, त्यामुळे ‘खेळ उत्तम होईल की काय, अशी धास्ती’ हे वाक्य कोणाच्याही तोंडून निघणार नाही. संशयापूर्वी मात्र विधान येते: ‘पुरवणीच वेगळी विकली जात असावी, असा संशय’. तेथे मनाने कौल जवळजवळ दिलेला असतो.

तिघींच्या शेवटासाठीही वेगवेगळी क्रियापदे आहेत. शंका फिटते, धास्ती ओसरते, संशय दूर होतो. खेळ प्रत्यक्ष हातात घेतला की पहिली फिटेल, पुढच्या मुख्य खेळाची घोषणा झाली की दुसरी ओसरेल. तिसऱ्याचे तसे नसते, कारण संशय धरलेला माणूस नव्या पुराव्याकडेही त्याच नजरेने पाहतो.

प्रतिसाद

वरील विवेचन पटले. त्यात ‘साशंक’विषयी थोडी भर घालतो, कारण प्रश्नाच्या शीर्षकात तो शब्द आहे. साशंक हा माणूस असतो किंवा त्याचे मन असते. ‘चाहते साशंक आहेत’ हे बरोबर. ‘खेळाचे भवितव्य साशंक आहे’ असे अलीकडे छापून येते, ते चूक आहे, कारण भवितव्याला शंका येत नाही. तेथे ‘अनिश्चित’ म्हणावे. लेखाच्या आरंभी सर्व छटा एकत्र सांगायच्या असतील तर ‘या खेळाविषयी जुने चाहते साशंक आहेत’ हे वाक्य नेमके बसेल आणि पुढे एकेक छटा उलगडता येईल. ‘आशंका’ हा शब्द मात्र शक्यतो घेऊ नये. जुन्या शास्त्रीय लेखनात प्रतिपक्ष घेऊ शकेल अशी हरकत, असा त्याचा अर्थ आहे, तर बातम्यांत तो हिंदीच्या वळणाने भीती या अर्थी येतो, आणि वाचकाला कोणता अर्थ घ्यावा हे कळत नाही.

आणखी एक सुचवावेसे वाटते. एकट्याने खेळणे या मालिकेला परके आहे असा सूर लेखात येऊ देऊ नये, कारण वस्तुस्थिती तशी नाही. पहिल्या खेळापासून प्रत्येकात एकट्याने खेळण्याची मोहीम आहे. ‘ऑक्टो एक्स्पान्शन’मध्ये भुयारी रेल्वेची ८० परीक्षा-स्थानके होती आणि बहुतेक ठिकाणी शाईचा वेगळा उपयोग शोधावा लागे, ‘साइड ऑर्डर’मध्ये ३० मजल्यांचा मनोरा होता आणि दर मजल्यागणिक आपल्या शस्त्राला नवे गुण जोडत जावे लागे. शिवाय स्पर्धा आणि कथा या मालिकेत एकमेकींपासून तुटलेल्या नाहीत. खेळाडू दोनांपैकी एक पक्ष निवडून सामने खेळतात असे उत्सव या मालिकेत होतात; पहिल्या खेळाच्या २०१६मधल्या शेवटच्या उत्सवात कॅली आणि मरी या खेळातल्या दोन गायिकांपैकी मरीचा पक्ष जिंकला आणि ‘स्प्लाटून २’ची कथा त्या निकालावर उभी राहिली. २०१९मध्ये ‘स्प्लाटून २’च्या अशाच उत्सवात ‘गोंधळ की शिस्त’ असा कौल घेतला गेला, त्यात गोंधळ जिंकला आणि ‘स्प्लाटून ३’चे जग तसे घडले, हरलेल्या शिस्तीला पुढे ‘साइड ऑर्डर’मध्ये जागा मिळाली. सामन्यांच्या मैदानात हजारो लोकांनी दिलेला कौल एकट्याच्या मोहिमेत इतक्या निष्ठेने उतरवणारी मालिका मला तरी दुसरी ठाऊक नाही. म्हणून शंका रास्त आहे असे जरूर लिहावे, परंतु तिला आधी दोनदा चांगले उत्तर मिळालेले आहे हेही त्याच परिच्छेदात यावे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. ‘की नाही’ आणि ‘की काय’ यांतला भेद इतका नेहमीच्या वापरातला असूनही कोठे लिहिलेला वाचला नव्हता. आपल्या सूचनांप्रमाणे परिच्छेद असा केला आहे: ‘या खेळाविषयी जुने चाहते साशंक आहेत. विरोधी संघ नसताना जमीन रंगवण्याची ओढ टिकेल की नाही, अशी शंका त्यांना येते, आणि मूळ मालिकेतला पुढचा खेळ यामुळे मागे पडेल की काय, अशी धास्तीही वाटते.’ हेतूविषयीचे वाक्य गाळले आहे, कारण माझ्याजवळ त्याला आधार नाही. शीर्षकात ‘रंगाचा बेरंग’ हा वाक्प्रचार घ्यावा असा विचार आहे. तो चालेल का? ‘एकेरी’चा प्रश्नही अद्याप उरला आहे.

प्रतिसाद

परिच्छेद चांगला उतरला आहे. ‘रंगाचा बेरंग’ शीर्षकात घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. बेरंग झाला असे म्हणतो तेव्हा विरस होऊन गेलेला असतो, आणि आपला लेख तर अजून काय होईल याविषयी आहे. प्रश्नचिन्ह लावले तरी वाचक निवाडाच वाचतो.

‘एकेरी’ नको. बॅडमिंटन आणि टेनिसमुळे एकेरी, दुहेरी, मिश्र दुहेरी ही मालिका मराठी वाचकाच्या कानात पक्की बसली आहे, आणि एकेरी सामन्यात समोर प्रतिस्पर्धी असतोच. आपल्याला सांगायचे आहे ते याच्या नेमके उलट. ‘एकपात्री’ हा शब्दही काही जण सुचवतील, पण त्यात एकच कलाकार सर्व भूमिका करतो, तर येथे खेळाडूसोबत डीप कटचे तिघे आहेत. ‘एकल’ चालेल, एकल वादन, एकल नृत्य यांमुळे तो ओळखीचा आहे आणि त्यात प्रतिस्पर्ध्याची छाया नाही. ‘एकल मोहीम’ हा प्रयोग मला विशेष आवडतो. पहिल्या उल्लेखात ‘एकट्याने खेळायचा खेळ’ असे सरळ लिहावे आणि पुढे ‘एकल’ वापरावा.

‘स्पिन-ऑफ’साठी सर्वमान्य शब्द नाही. ‘उपकथानक’ तर अजिबात नको, ते एकाच कृतीच्या पोटात असते. ‘पुरवणी’ हा शब्द वर आलेल्या दोन जोडभागांसाठी राखून ठेवावा, कारण त्या मूळ खेळावाचून चालत नाहीत. ‘फाटा’ हा शब्द दिसायला नेमका आहे, मुख्य रस्त्याला फुटलेली वाट, परंतु ‘फाटा देणे’ म्हणजे वगळणे, आणि ‘मालिकेला फाटा’ असे कोठे छापले गेले तर मालिका बंद झाली असा बोध होईल. ‘मालिकेतून निघालेला स्वतंत्र खेळ’ हे लांब आहे, पण निःसंदिग्ध आहे. वारंवार उल्लेख करायचा असेल तेथे ‘स्पिन-ऑफ’ तसाच ठेवावा; खेळणाऱ्यांच्या बोलण्यात तो आधीच रुळला आहे.

‘रेडर्स’ हे विशेषनाम आहे, त्याचे ‘धाडकरी’ वगैरे करू नये.

जाता जाता शाईविषयी. खेळाडू करतो त्या क्रियेसाठी ‘शाई फासणे’ आणि ‘शाईफेक’ हे दोन्ही प्रयोग टाळावेत. फासणे हे क्रियापद काळे फासण्यातून मानहानीचा अर्थ घेऊन येते, आणि वृत्तपत्रांमुळे ‘शाईफेक’ म्हणजे निषेधासाठी एखाद्याच्या अंगावर शाई टाकणे, असा पक्का अर्थ झाला आहे. जमिनीच्या बाबतीत ‘रंगवणे’, विरोधकाच्या बाबतीत ‘शाईने टिपणे’ आणि शस्त्राच्या बाबतीत ‘शाईचा मारा करणे’ असे लिहिल्यास तिन्ही क्रिया वेगळ्या राहतात आणि पुढे रोलर, ब्रश, बादली अशा निरनिराळ्या शस्त्रांचे वर्णन करतानाही अडत नाही: रोलर फिरवतात, ब्रश ओढतात आणि बादलीने शाई भिरकावतात.